रंगाचे तीन हात

गाडीला चासी असते हे गावात तिघांनाच ठाऊक असतं: मिस्तरीला, पासिंगच्या साहेबांना आणि दुपारच्या उन्हात गाडीखाली पसरणाऱ्या कुत्र्याला. बाकीच्यांच्या लेखी गाडी म्हणजे रंग, काच, हॉर्न आणि मागे लिहिलेला ‘आईचा आशीर्वाद’. दसऱ्याला नंदुरबारात फिरून बघा. बॉनेटला झेंडूची माळ, आरशाला गोंडा, स्टीअरिंगला हळदकुंकू, टपावर आपट्याची पानं. चासीला कुणी उदबत्ती ओवाळलेली मी तरी पाहिली नाही. तिच्या वाट्याला येतं ते पुढच्या चाकाशी फोडलेल्या नारळाचं पाणी. त्या पाण्यात क्षार असतात. वरून बंपरला टांगलेलं लिंबू, म्हणजे आम्ल. दृष्ट लागू नये म्हणून माणूस जे जे करतो, ते ते लोखंडाला लागतं.

माझी जीप सुरतेची. डिझेलची, लोखंडी टपाची, आणि मूळ रंग कोणता याबद्दल घरात दोन मतं असलेली. विकणारे गृहस्थ फार सज्जन होते. म्हणाले, “साहेब, गाडी फक्त फॅमिलीत वापरली. रविवारी डुमस, बस.”

डुमस म्हणजे सुरतेजवळचा समुद्र. तिथली टोमॅटोची भजी प्रसिद्ध आहेत. मला त्या वाक्यात फॅमिली ऐकू आली, भजी ऐकू आली. समुद्राचा आवाज काही आला नाही. दर रविवारी हे कुटुंब खाऱ्या वाळूत जीप उभी करून भजी खात बसलं, आणि खालच्या बाजूने समुद्र जीप खात बसला. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी एवढं पुरतं. मीठ त्यात अडत्याचं काम करतं: स्वतः काही पिकवत नाही, पण सौदा झटपट जमवून देतं.

जीजे ०५ची एमएच ३९ झाली, जीप धडगावचे घाट चढली, तोरणमाळला जाऊन आली आणि बघता बघता नोंदणीची १५ वर्षं भरत आली. खासगी गाडीचं असं असतं की १५ वर्षांनी तपासणी करून घ्यायची, मग पुढची ५ वर्षं मिळतात. आयुष्य असं हप्त्याने वाढवून मिळण्याची सोय माणसांत नाही, म्हणून मी उत्साहाने मिस्तरीकडे गेलो.

मिस्तरीचं गॅरेज गावाबाहेर, मिरचीच्या पथाऱ्यांना लागून. ज्यांनी नंदुरबारची मिरची फक्त डब्यात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो: हंगामात इथे उघड्या मैदानावर लाल मिरची वाळत घालतात आणि ती नजर पोचेल तिथवर असते. मिस्तरी हातोडी घेऊन जीपखाली सरकला. चासीवर टकटक करत पुढून मागे गेला. चांगलं लोखंड खणकन वाजतं. सडलेलं ‘भद’ म्हणतं. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. खण, खण, भद. भद. भद, खण, भद. नंतर बराच वेळ नुसतंच भद.

“चासी तं शे, भाऊ,” खालून आवाज आला, “पन नावलेच शे.”

१९९८ साली नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तेव्हा निदान शासनाचा आदेश निघाला होता. माझ्या जीपची बॉडी चासीपासून विनाआदेश वेगळी होत चालली होती. दोन ठिकाणी पट्टी वेल्डिंग करून घ्यावी लागली. मग मिस्तरी म्हणाला, आता वरून काहीतरी लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत या.

‘काहीतरी लावा’ हे शब्द आपल्याकडे जाहीर जागी उच्चारू नयेत. गुडघ्याला काय लावावं आणि गंजाला काय लावावं, या दोन विषयांत महाराष्ट्रात अडाणी माणूस जन्माला येत नाही.

पहिले आले शेजारचे बापू. बापू शेतकरी. त्यांचा जगातल्या सर्व लोखंडावर एकच उपाय: जळकं ऑइल. “फुकट मियतं, ब्रशनं लावा, इसरी जा.” इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चासीला चोपडायचा हा रिवाज जुना आहे. त्याने पाणी थोडं अडतं हे खरं, पण धूळ चिकटते, रबरी बुश फुगतात आणि अंगणात काळा नकाशा उमटतो. बापूंनी स्वतःच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हे ऑइल वर्षानुवर्षं पाजलं आहे. त्या ट्रॉलीतून पोटॅशच्या गोण्या येतात, आणि पोटॅश म्हणजे शेवटी क्षारच. आज ट्रॉलीच्या तळातून खालचा रस्ता स्वच्छ दिसतो. मी तसं सुचवलं, तर बापू म्हणाले, “ते हवा खेयाले ठेयेल शे.”

दुसरे सासरेबुवा. त्यांचा जन्म वर्कशॉपात गेला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, “आधी धुवायचं. सुकू द्यायचं. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा. मग पॉलिश पेपर. मग पुसायचं. मग रेड ऑक्साईड. तो वाळला की चासी ब्लॅकचे दोन हात. घाई करायची नाही.”

हे शंभर टक्के बरोबर होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. ज्या उपायात पहिली पायरी ‘धुवायचं’ आणि शेवटची ‘घाई करायची नाही’ अशी असते, त्याला आपल्याकडे अनुयायी मिळत नाहीत.

तिसरे गल्लीतले सर, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, “गंज काढायचाच कशाला? त्याचं रूपांतर करा.” टॅनिक आम्ल गंजावर लावलं की निळसर काळं, टिकाऊ संयुग तयार होतं. जुन्या पोथ्यांची शाई हिरडा आणि हिराकस यांचीच असायची. कागद पिवळा पडला तरी अक्षर काळं राहिलं. “आणि हिरड्यात टॅनिन भरपूर! सातपुड्याच्या पायथ्याशी राहून तुम्ही बाजारचं रसायन आणणार?” सरांनी त्याच संध्याकाळी हिरडा उकळला. ज्या लोखंडी कढईत उकळला ती आतून पोथीच्या रंगाची झाली. सरांच्या घरचे आम्हांला अजून ती कढई दाखवतात.

चौथा मेव्हणा. मेव्हण्याचं शिक्षण मोबाइलवर झालं आहे. त्याने एका अमेरिकन माणसाची चित्रफीत लावली. तो माणूस बर्फात उभा राहून एका पिकअपच्या चासीला ब्रशने काळं काहीतरी लावत होता.

“तिकडे थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात,” मेव्हणा म्हणाला, “तरी या कोटिंगमुळे गाडीला काही होत नाही.”

“रस्त्यावर मीठ?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “आणि माझ्या आमटीत चिमूटभर जास्त पडलं की तुम्ही सगळे जेवणावरून उठता.”

कोटिंग मागवलं गेलं. डबा लहान, किंमत मोठी. हे कोटिंग हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की दगड. डब्यावर ताकीद होती: हातमोजे घाला, त्वचेवर वाळलं तर निघत नाही, कातडी झिजून आपोआप जाईल तेव्हा जाईल. झाकणाची कड पुसून मगच लावा, नाहीतर डबा उघडणार नाही. एवढ्या धमक्या देणारी वस्तू चांगलीच असणार, असं मेव्हण्याचं मत पडलं.

आता प्रश्न असा की चासी एक आणि पंथ चार. कुणालाही दुखवणं शक्य नव्हतं; सासरे ते सासरे, मेव्हणा तर त्यांचाच मुलगा. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे आणि तरी गाड्या वेळेवर नसल्या तरी सुटतात, हे आठवून आम्ही चासीची वाटणी केली. जीपच्या चासीचा आकारच शिडीचा: दोन लांब दांड्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या. उजवी दांडी मेव्हण्याकडे, डावी सासरेबुवांकडे, आडव्या पट्ट्या सरांच्या हिरड्याकडे. बापूंना काही दिलं नव्हतं. बापू निमूट बसून राहिले, यातच आम्ही समजायला हवं होतं.

माझ्याकडे बॅटरी धरण्याचं काम आलं. जीपखाली उताणं पडल्यावर कळतं की आपण गाडीतून कुठे कुठे गेलो होतो. तापीकाठची काळी माती, घाटातला मुरूम, त्यावर परत काळी, त्यात एक उसाचं चिपाड. सासरेबुवा ही भूगर्भरचना खरवडत होते आणि ती माझ्या डोळ्यांत साठत होती. सर बाहेर खुर्चीवर बसून व्याख्यान देत होते. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ मध्ये पुरा झाला, तेव्हापासून त्याला साधारण दर ७ वर्षांनी रंग देतात, एका वेळी सुमारे ६० टन रंग लागतो, आणि तो रंगारी हाताने, ब्रशनेच लावतात. दिल्लीचा लोहस्तंभ १६०० वर्षं न रंगवता उभा आहे, कारण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्याने वर एक पातळ संरक्षक थर धरला आहे. उलट कोलकात्याच्या हावडा पुलाच्या पोलादी पायांवर लोक पान खाऊन इतके थुंकले, की २०११च्या सुमारास त्या पायांना फायबरग्लासचं आवरण चढवावं लागलं.

“म्हणजे माणूस थुंकून पूल खाऊ शकतो?” मेव्हण्याने विचारलं.

“पुलाचं ठीक आहे,” मिस्तरी म्हणाला, “मागल्या शिटवाल्यासनी तुमना दरवाजा कवयच खायी टाका.”

मी बॅटरी दरवाज्याच्या खालच्या कडेवर मारली. मिस्तरी अतिशयोक्ती करत नव्हता.

काम रंगात आलं आणि आभाळ भरून आलं. नंदुरबारात हंगामात ढग दिसला की रंगकामच काय, लग्नाची पंगतसुद्धा उठते. पथारीवर लाखोंचा माल उघडा पडलेला. हाक आली आणि मिस्तरी, त्याची पोरं, बापू, सर, सगळे मिरची गोळा करायला पळाले. जीपवर घातलेली ताडपत्रीही कुणीतरी ओढून नेली. त्यात वावगं काही नाही. त्या घटकेला मिरचीचा भाव जीपपेक्षा निश्चित जास्त होता. पाऊस आला नाही. आला तो वारा. पथारीवर हजार फावडी एकदम चालत होती आणि वारा थेट आमच्या बाजूचा. मिरचीची पूड, देठ, बिया, सगळं उजव्या दांडीवरच्या ओल्या कोटिंगवर येऊन बसलं.

शिंक आली की माणसाचं डोकं पुढे येतं. गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाच्या पुढे डिफरन्शिअल असतं. पहिल्या शिंकेला मी ते कपाळाने वाजवलं. खणकन वाजलं. “तो भाग चांगला आहे,” सासरेबुवा म्हणाले.

मेव्हणा शिंकला तेव्हा त्याच्या हातात भरलेला ब्रश होता. गालावर डाव्या बाजूला रुपयाएवढा काळा गोल उठला. पेट्रोल लावून पाहिलं, थिनर लावून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. गाल लाल झाला, गोल काळाच राहिला. त्याच आठवड्यात त्याला शहाद्याला मुलगी बघायला जायचं होतं. गेला. चहापोहे झाले, शेतीवाडी विचारून झाली, आणि मुलीच्या आत्याने अत्यंत मायेने विचारलं, “घरी अजून तीट लावतात का हो?” स्थळ पुढे सरकलं नाही. मेव्हणा म्हणतो पत्रिका जुळली नाही.

तरी कोटिंग लावणं त्याने सोडलं नाही. वाळलेल्या मिरचीवरच दुसरा हात मारला आणि दुसऱ्यावर तिसरा. दांडीत जिथे जिथे भोकं दिसली ती भरून काढली.

“अरे, काय करतोस!” सासरेबुवा ओरडले. “ती भोकं पाणी निघून जायला कंपनीने ठेवलेली असतात!”

“मला वाटलं गंजाने पडली.”

“गंजाने पडलेली तिकडे आहेत, ती तू मोकळी सोडलीस!”

बंद भोकं पेचकसाने पुन्हा उघडण्यात एक अख्खी दुपार गेली. मागच्या आडव्या पट्टीवर सरांचं हिरड्याचं पाणी थांबेचना. लावलं की थेंब थेंब होऊन घरंगळायचं. सरांनी हिरड्याला दोष दिला, मग पाण्याला, मग गंजाच्या प्रतीला. शेवटी बोट फिरवून वास घेतला. जळकं ऑइल. बापू रात्री येऊन आपला वाटा घेऊन गेले होते.

“नुसतं बघी राह्यन्तू, लागस का नही,” बापू म्हणाले.

पासिंगचा दिवस उजाडला. उत्साहाच्या भरात मेव्हण्याने सायलेन्सरलाही एक हात दिला होता, हे आम्हांला अर्ध्या वाटेत कळलं, तेही मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडून. “ओ भाऊ, गाडी पेटनी!” खालून निळा धूर येत होता आणि त्याला एक झणझणीत वास होता, कारण सायलेन्सरवरही मिरची होतीच. पाहता पाहता चारपाच जण गोळा झाले. एकाने पाण्याची बाटली ओतली, एकाने माती टाकली, एकाने चित्रीकरण केलं. सगळे मिळून शिंकत होते. माती टाकणाऱ्याने चासीवर आणखी एक थर दिला, तोही फुकट.

मैदानावर आमच्या पुढे एक ट्रक होता. त्याच्या मालकाने आदल्या संध्याकाळी, उभं राहून दिसेल तेवढ्या चासीवर चंदेरी रंग फिरवला होता आणि चासी नंबराभोवती नेमका चौकोन सोडला होता. आतला गंज जिथल्या तिथे सुखात होता. ट्रक पास झाला आणि मालक चहाला गेलासुद्धा.

मग साहेब आमच्याकडे आले. माणूस शांत. खाली वाकून बघितलं. “बरंच काही केलेलं दिसतंय,” म्हणाले. “चासी नंबर कुठंय?”

चासी नंबर लोखंडात ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की तो कागदावर उमटतो. तो कागद फायलीला लागतो. आमच्या जीपचा नंबर उजव्या दांडीवर, पुढच्या चाकाच्या मागे. उजव्या दांडीवर, म्हणजे मेव्हण्याच्या राज्यात, तीन हातांखाली.

साहेबांनी तरी कागद धरला, पेन्सिल घासली. कागदावर मिरचीचं बी उमटलं. जरा सरकवून घासली. दोन बिया आणि एक देठ.

“हे काय आहे?”

“सर, कोटिंग,” मेव्हणा अभिमानाने म्हणाला. “थिनरने निघत नाही. पेट्रोलने निघत नाही. अमेरिकेत...”

“नंबर दिसला पाहिजे.”

“सर, तशी गॅरंटीच आहे. काही केल्या निघत नाही.”

साहेबांनी त्याच्या गालाकडे पाहिलं. पटलं असावं. “दुपारपर्यंत थांबतो,” म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

मग सासरेबुवांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. पिशवीतून पॉलिश पेपर निघाला, ब्लेडचं पान निघालं, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांनी आपल्या मुलाचं कर्तृत्व इंच इंच खरवडलं. कोटिंग खरंच उत्तम होतं. त्याच्याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. एकेक आकडा बाहेर यायचा तेव्हा सगळे मिळून मोठ्याने वाचायचे, आजूबाजूचे रिक्षावालेही त्यात सामील झाले होते. शेवटचा आकडा ३ की ८ यावर दोन तट पडले. आरसी बुक काढून निकाल द्यावा लागला. नंबर उमटला, साहेबांनी शिक्का मारला, ५ वर्षं मिळाली. जाताना ते म्हणाले, “आता एवढीच जागा उघडी पडली आहे. ग्रीस लावून ठेवा, नाहीतर नेमका नंबरच गंजायचा.”

“जयकं ऑइल लावानं,” मागून बापू म्हणाले. ते कधी आले होते कुणास ठाऊक.

डब्यात तळाला थोडं कोटिंग उरलं होतं. इतकी महाग वस्तू टाकून द्यायची पद्धत आमच्यात नाही. बायकोने त्यातून पाण्याच्या टाकीचा स्टँड, मोरीचं झाकण आणि फाटकाची बिजागरी उरकली. फाटक तेव्हापासून बंद आहे. आम्ही बाजूच्या भिंतीच्या खिंडीतून जा-ये करतो. सरांनी कढईसाठी वाटीभर मागून नेलं. आणि ज्यांनी सुरुवातीपासून या कोटिंगला नावं ठेवली होती ते बापू दिवेलागणीला आले, हात मागे बांधून.

“उरेल शे का काही?”

“थोडं आहे. ट्रॉलीला लावता का?”

“मांगला फयक्याले. तितलंच दिखास.”

“आणि खालून?”

“खाले कोन देखस?”

झाकण डब्याला चिकटून बसलं होतं. बापूंनी ते छिन्नीने फोडलं. बायकोने आतून हातमोजे आणून पुढे केले. बापूंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती ते परत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी बापू बाजारातून चालले होते. ओळखीचे लोक रामराम करत होते आणि बापू प्रत्येकाला नुसती मान हलवून उत्तर देत होते. दोन्ही हात बंडीच्या खिशात कोपरापर्यंत गेलेले. चहावाल्याने कप पुढे केला, तर म्हणाले, “आते नको, भो. पुढला महिनामा पिऊ.”